शेगडी भाडेकरूची, भिंत मालकाची

1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा अस्तित्वात आला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यानंतर जवळजवळ सहा दशकांनी, 2018 साली, हे दोन जिल्हे पुन्हा एका कागदावर एकत्र आले. तो कागद महसूल खात्याचा नव्हता. घरोघरी नळावाटे गॅस पोहोचविण्यासाठी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाने देशाचे जे भौगोलिक विभाग पाडले, त्यांच्या वाटपाच्या नवव्या फेरीत सातारा व सांगली मिळून एक विभाग धरण्यात आला आणि तो सार्वजनिक क्षेत्रातील भारत पेट्रोलियमच्या गटाकडे सोपविण्यात आला. चुलीच्या धुरातून स्त्रीची सुटका व्हावी, टाकीसाठी नंबर लावून दिवस मोजण्याची वेळ तिच्यावर येऊ नये, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु ज्यांचे स्वतःचे घर नाही, जे शासनाच्या, नगरपालिकेच्या, कारखान्याच्या किंवा एखाद्या खाजगी मालकाच्या खोलीत भाडे भरून राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरातील गॅसची तपासणी कोणी करावयाची? टाकीच्या काळात या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही. नळाचा काळ उंबरठ्यावर आला असताना तरी ते दिले गेले पाहिजे.

प्रश्न क्षुल्लक वाटतो, कारण गॅसची शेगडी ही आता कोणाला नवलाची वस्तू राहिलेली नाही. पण तिच्यातील धोका सवयीने कमी होत नाही. टाकीतला द्रवरूप गॅस गळू लागला म्हणजे वर जात नाही. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत, ओट्याखाली, पलंगाखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले की दिव्याचे बटण दाबताना उडणारी ठिणगीही स्फोटाला पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. ज्या रबरी नळीतून तो शेगडीपर्यंत येतो तिचे आयुष्य पाच वर्षांचे मानलेले आहे, आणि ही मुदत उलटून गेली तरी नळी वरून धडधाकट दिसू शकते. नळाचा नैसर्गिक गॅस उलट हवेपेक्षा हलका असतो, तो छताकडे जातो. म्हणजे त्याच्यासाठी खोलीच्या वरच्या भागात झरोका लागतो. आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविला असेल व धूर बाहेर जाण्याची वाट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. महाराष्ट्रातील शहरांतून दर हिवाळ्यात न्हाणीघरात गुदमरून मृत्यू आल्याच्या ज्या वार्ता छापून येतात, त्यांतील कितीतरी मृत्यू या वायूमुळे झालेले असतात.

हे सर्व सांगण्याचे कारण एवढेच की, यांतील निम्म्याहून अधिक गोष्टींचा संबंध शेगडीशी नसून घराशी आहे. ओटा टाकीपेक्षा उंच आहे की नाही, खिडकी उघडते की ती विटा लावून बुजविलेली आहे, खाली व वर झरोके आहेत की नाहीत, न्हाणीघराला बाहेरची भिंत आहे की ते चारही बाजूंनी कोंडलेले आहे, हे सर्व घर बांधणारा ठरवितो. शेगडी भाडेकरूची असेल. पण भिंत, खिडकी आणि ओटा मालकाचा असतो. आजची तपासणीची व्यवस्था मात्र नेमक्या या गोष्टीकडे पाठ फिरवून उभी आहे.

ती व्यवस्था अशी. तेल कंपन्यांच्या नियमांनुसार गॅसची जोडणी देण्यापूर्वी जागेची पाहणी व्हावयाची असते आणि पुढे ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी व्हावयाची असते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, पुढे ती पाच वर्षांची झाली. तपासणीचे शुल्क ग्राहकाने द्यावयाचे. अलीकडच्या वर्षांत ते करासह 236 रुपये आहे. याखेरीज टाकी पोहोचविणाऱ्या कामगारांकरवी विनामूल्य प्राथमिक तपासणी करण्याची मोहीमही कंपन्यांनी हाती घेतली, आणि अशा 12 कोटींहून अधिक तपासण्या झाल्याचे केंद्र शासनाने संसदेला सांगितले आहे. ही संख्या मोठी आहे आणि मोहीमही स्तुत्य आहे. परंतु टाकी पोहोचविणारा कामगार दिवसाला डझनावारी जिने चढतो. त्याने नळीकडे आणि रेग्युलेटरकडे नजर टाकावी एवढेच त्याच्याकडून अपेक्षिता येते. खिडकी बुजलेली आढळली, तर ती कोणाला सांगावयाची हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

त्याहून मोठा दोष हा की, ही सारी तपासणी ग्राहकाच्या नावाला चिकटलेली आहे, घराला नाही. ज्याच्या नावावर गॅसचे पुस्तक, त्याची तपासणी. भाडेकरूचे पुस्तक पुष्कळदा त्याच्या गावच्या पत्त्यावर असते. कोठे घरमालक स्वतःच्या नावावरची जादा टाकी भाडेकरूला देतो आणि तिचे पैसे भाड्यात धरतो. कोठे आधीचा भाडेकरू शेगडी व नळी तेथेच सोडून जातो. हंगामी मजूर छोटी टाकी कोठूनतरी चोरून भरून आणतो. या सर्व घरांत रोज दोन वेळा चूल पेटते, पण तपासणीच्या वहीत ती घरे अस्तित्वातच नाहीत. उज्ज्वला योजनेच्या 2021 साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःच्या घोषणापत्रावर जोडणी देण्याचे ठरले. म्हणजे पत्ता ही गरिबाची अडचण आहे हे शासनाने जोडणी देण्यापुरते मान्य केले. तपासणीच्या बाबतीत मात्र तेच शासन त्याच पत्त्यावर अडून बसले आहे.

या पत्त्याची किंमत अपघात झाल्यावर कळते. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्या सार्वजनिक दायित्वाचा विमा उतरवितात. त्यात मृत्यू आल्यास प्रत्येकी 6 लाख रुपये, उपचारासाठी प्रत्येकी 2 लाखांपर्यंत व एका घटनेस एकूण 30 लाखांपर्यंत, आणि मालमत्तेच्या हानीसाठी एका घटनेस 2 लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे. पण मालमत्तेची ही भरपाई अधिकृत ग्राहकाच्या नोंदलेल्या जागेपुरती असते. जो भाडेकरू दुसऱ्याच्या पुस्तकावरची टाकी वापरतो किंवा गावच्या पत्त्यावरची टाकी शहरातील खोलीत आणतो, त्याचा संसार जळाला तर तो कोणत्या जागेचा अधिकृत ग्राहक ठरणार? ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याच डोक्यावरचे हे छत्र सर्वांत फाटके आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर जोखीम भाडेकरूकडे, मिळकत मालकाकडे आणि नियंत्रण कोणाकडेच नाही, अशी ही विभागणी आहे.

सातारा-सांगलीत अशी घरे थोडी नाहीत. कष्टकऱ्याला राहण्यास घर देणे हे मालकाच्या कर्तव्यात मोडते, ही कल्पना या मुलखात नवी नाही. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभारली. स्वातंत्र्यानंतर कोयनेच्या प्रकल्पाबरोबर कोयनानगरला शासकीय वसाहत झाली. सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या आवारात कामगारांसाठी चाळी बांधल्या. पोलीस लाइनी, एस. टी. कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, नगरपालिकांच्या सफाई कामगारांच्या वसाहती ही याच परंपरेतील घरे. शासकीय निवासस्थानात राहणारा शिपाई भाडे देत नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. निवासस्थान घेताच त्याचा घरभाडे भत्ता बंद होतो. जो पैसा हाती येण्यापूर्वीच कापला जातो तोही भाड्याचाच पैसा असतो. आणि भाडे घेणारा मालक, मग तो शासन का असेना, मालकाच्या कर्तव्यातून सुटत नाही.

येथे एक तुलना करण्यासारखी आहे. साखर कारखान्याचा बॉयलर, ज्याला शासकीय मराठीत बाष्पक म्हणतात, तपासणीचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पेटविता येत नाही. 1923 सालच्या कायद्यापासून ही शिस्त चालत आली आहे. त्या कायद्याची जागा 2025 च्या नव्या कायद्याने घेतली तरी शिस्त कायम आहे. प्रमाणपत्राची मुदत साधारणतः बारा महिन्यांची. ते संपले की शासनाचा निरीक्षक येतो, ठोकून पाहतो, दाब देऊन पाहतो, आणि मगच गळिताचा हंगाम सुरू होतो. बॉयलर फुटला तर माणसे मरतील हे शंभर वर्षांपूर्वीच्या परकी सरकारलाही कळले होते. त्याच बॉयलरपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या चाळीत त्या बॉयलरवर काम करणाऱ्या कामगाराची पत्नी ज्या शेगडीवर भाकरी भाजते, तिला असे कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही. कारखान्यात काम करताना त्याचा जीव कायद्याच्या संरक्षणाखाली असतो. पाळी संपवून घरी आला की ते संरक्षण संपते. आणि त्याच्या घरातील स्त्रीला तर ते कधी लाभतच नाही, कारण ती जेथे राबते त्या जागेला कोणी कामाची जागा मानीत नाही.

भाड्याच्या घरांचा कायदा या बाबतीत काय सांगतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चा, तो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याचे 14 वे कलम मालकाने जागा राहण्यास योग्य अशा दुरुस्त स्थितीत ठेवावी असे सांगते. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करून घ्यावी आणि तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश मर्यादेपर्यंत, भाड्यातून वळता करावा अशीही तरतूद आहे. 29 वे कलम पाणी, वीज अशा आवश्यक सेवा तोडण्यास मालकाला मनाई करते. पण गॅसच्या तपासणीचे कर्तव्य या कायद्यात कोठेही घातलेले नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की, शासनाच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या जागांना तिसऱ्या कलमाने या कायद्यातूनच वगळले आहे. खाजगी मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूपाशी निदान एक कलम तरी आहे. नगरपालिकेच्या चाळीतील सफाई कामगारापाशी तेही नाही. लोककल्याणाची भाषा बोलणाऱ्या राज्यसंस्थेने सर्वांत मोठा मालक व्हावे आणि मालकाच्या कायद्यातून स्वतःला वगळून घ्यावे, हे कोणत्या न्यायात बसते?

इतर देशांनी हा धडा सहज घेतलेला नाही. लंडनच्या पूर्व भागात रोनन पॉइंट नावाची बावीस मजली इमारत तेथील नगर परिषदेने भाडेकरूंसाठी बांधली होती. ती वापरात येऊन दोनच महिने झाले असता 16 मे 1968 च्या पहाटे अठराव्या मजल्यावरील एका भाडेकरू स्त्रीने चहासाठी गॅस पेटविला आणि स्फोट झाला. इमारतीचा एक संपूर्ण कोपरा पत्त्याच्या बंगल्यासारखा कोसळला. चार माणसे ठार झाली. चौकशीत आढळले ते इतकेच की, शेगडीच्या जोडाचा पितळी नट निकृष्ट होता. एक नट आणि एक कमकुवत भिंत, म्हणजे एक दोष शेगडीच्या जोडात आणि दुसरा घराच्या बांधणीत! पुढे ब्रिटनमध्ये 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनी घरमालकावर स्पष्ट कर्तव्य घातले: दर बारा महिन्यांनी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करावी, तिची प्रत भाडेकरूला 28 दिवसांत द्यावी, नव्या भाडेकरूला तो राहावयास येण्यापूर्वी द्यावी, आणि नोंद दोन वर्षे जपून ठेवावी. मालक खाजगी असो की नगर परिषद, नियम एकच.

मात्र हा नियम जसाच्या तसा उचलून चालणार नाही. तेथे मालकाचे कर्तव्य त्याच्या स्वतःच्या उपकरणांपुरते असते. भाडेकरूने स्वतःची शेगडी आणली तर ती त्यातून वगळली जाते. तिकडे भाड्याच्या घरात पुष्कळदा शेगडी व पाणी तापविण्याचे यंत्र मालकच देतो, म्हणून ते खपून जाते. सातारा-सांगलीतील भाडेकरू टाकी, शेगडी, नळी सारे आपल्या पाठीवर घेऊन येतो. येथे तो नियम लावला तर कायदा होईल आणि तपासणी मात्र एकाही शेगडीची होणार नाही. म्हणून येथील कायद्याने वस्तू कोणाची हे न विचारता घर कोणाचे हे विचारले पाहिजे. स्वयंपाकघर संपूर्ण तपासावयाचे, आणि त्यातील दोषांची विभागणी नंतर करावयाची: नळी व शेगडी भाडेकरूने बदलावी, खिडकी, ओटा, झरोका आणि भिंतीतील नळ मालकाने दुरुस्त करावा.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते सर्वच स्वार्थी असतील असे नाही. पहिला आक्षेप, यामुळे भाडे वाढेल. हिशेब करून पाहावा. आजच्याच 236 रुपयांच्या दराने पाच वर्षांऐवजी दरवर्षी तपासणी केली तर महिन्याला वीस रुपयांहून कमी खर्च येतो. पाचशे खोल्यांच्या वसाहतीला वर्षाला 1 लाख 18 हजार रुपये लागतात. ज्या नगरपालिकेला वा कारखान्याला एवढी रक्कम जड वाटते, तिने पाचशे कुटुंबांना छप्पर देण्याची जबाबदारी मुळात घेतली कशी, असे विचारावे लागेल. ही रक्कम भाड्यात मिळवू नये एवढी अट कायद्यात घातली म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तपासणीच्या नावाखाली भामटे दारात येतात, बनावट ओळखपत्र दाखवितात, चांगली नळी खराब आहे असे सांगून नवी गळ्यात मारतात, हा अनुभव राज्यातील अनेक शहरांतून आलेला आहे. घरात एकट्या असलेल्या स्त्रीने अशा माणसाला दार उघडू नये यात तिचे शहाणपणच आहे. पण यावरचा उपाय तपासणी न करणे हा नव्हे. जो तपासतो त्याने काही विकू नये, हा एकच नियम कसोशीने पाळला तरी निम्मी लूट थांबेल. तपासणीचा दिवस वसाहतीच्या फलकावर आठवडाभर आधी लागावा, तपासनीसाबरोबर वसाहतीतील एक स्त्री असावी, आणि सापडलेला दोष साध्या मराठीत लिहून तो कागद स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावावा. दोन्ही जिल्ह्यांत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना थोड्या शिक्षणाने हे काम येण्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप असा की, तपासणीचे निमित्त करून मालक भाडेकरूला बाहेर काढील. ही भीती खरी आहे. म्हणून तपासणीत दोष सापडणे हे जागा खाली करून घेण्याचे कारण होऊ शकणार नाही, असे कलम त्याच कायद्यात हवे. सुरक्षिततेच्या नावाने गरिबाला रस्त्यावर आणणारी सुरक्षितता काय कामाची?

कृष्णा-वारणेच्या काठच्या लोकांसाठी आणखी एक गोष्ट आवश्यक आहे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी सांगलीत पुराचे पाणी वस्त्यांत शिरले. पाणी ओसरल्यावर माणसे घरी परततात, गाळ उपसतात, आणि पहिली गरज चहाची व भाताची असते. चिखलात बुडालेला रेग्युलेटर आणि दिवसचे दिवस पाण्यात राहिलेली नळी तशीच पुन्हा जोडली जाते, कारण दुसरी नळी घ्यावयास पैसा नसतो आणि तपासावयास कोणी येत नाही. पंचनामा करणारा तलाठी भिंतीची पडझड लिहितो; शेगडीचा रकानाही त्यात हवा. पुरानंतर घर राहण्यास योग्य ठरविण्यापूर्वी गॅसची तपासणी, आणि पूरग्रस्त भाडेकरूला नवी नळी व रेग्युलेटर विनामूल्य, ही तरतूद आपत्तीनिवारणाच्या खर्चात सहज बसू शकते.

याची सुरुवात कोठून करावी? नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. शासन, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि सहकारी कारखाने हे आपापल्या घरांचे मालक आहेत; त्यांना स्वतःच्या घराची तपासणी करण्यास कोणाची परवानगी लागत नाही. केंद्राच्या शहरी आवास योजनेच्या 2024 साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे; त्या घरांच्या करारनाम्यात वार्षिक तपासणीची अट पहिल्या दिवसापासून घालता येईल. नळाचा गॅस ज्या वसाहतीत येईल तेथे जोडणीच्या दिवशीच तपासणीचे दायित्व मालकाच्या नावे लिहून घेतले पाहिजे, कारण भिंतीत पुरलेला नळ पाठीवर टाकून कोणताही भाडेकरू निघून जाणार नाही. विम्याची नोंदही ग्राहकाच्या गावच्या पत्त्यावर न राहता तो जेथे राहतो त्या खोलीवर झाली पाहिजे. भाडे नियंत्रण कायद्यात 14 व्या कलमाला जोड देणे आणि तिसऱ्या कलमाची सवलत निदान सुरक्षिततेच्या बाबतीत काढून घेणे, हे काम विधिमंडळाचे. त्यासाठी दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांना प्रश्न विचारले गेले पाहिजेत.

या दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांपुढे दरवर्षी रस्ते, सभागृहे आणि सुशोभीकरण यांच्या याद्या येतात. यंदाच्या यादीत एक ओळ वाढवावी: पोलीस लाइनी आणि सफाई कामगारांच्या वसाहती यांतील प्रत्येक स्वयंपाकघराची तपासणी, पावसाळ्यापूर्वी, मालकाच्या खर्चाने. ही ओळ लिहिण्यास पैसा फारसा लागत नाही. मालक म्हणून मिळणारे भाडे ज्या हाताने घेतले जाते, त्याच हाताने मालकाची जबाबदारीही उचलण्याची तयारी तेवढी लागते.